दक्षिणेची भिंत

दार माझ्यामागं लागलं, पण आवाज झाला नाही, म्हणून मला ते कळलंच नाही. कळलं ते लाइट गेल्यावर. आमच्या गंगाखेडात दुपारची लाइट जाते तशी ती गेली, न सांगता, आणि मी अंधारात चाचपडत दाराशी आलो तर आतल्या बाजूला कडी नाही, मूठ नाही, काही नाही. हाताला नुसता गुळगुळीत पत्रा. मूठ अजून खोक्यात होती. खोकं बाहेर तिकिटाच्या खिडकीत, आणि त्याच्या शेजारी माझा मोबाइल चार्जिंगला लावलेला. खुर्च्यांच्या रांगा सरळ बसल्यात का एवढंच बघायला मी आत आलो होतो. वा रे मालक! स्वतःच्या थेटरात पहिला कोंडला गेला तो स्वतःच. दारावर थाप मारली तर ती गादीवर मारल्यासारखी मऊ लागली. "आश्रुबा!" म्हणून ओरडलो. आश्रुबा म्हणजे आमचा फिटर, हे सगळं थेटर नटबोल्टनं जोडणारा. तो जेवायला गेला की जेवून बाभळीखाली आडवा होतो, मग ब्रह्मदेव आला तरी उठत नाही. माझी हाक तोंडातून निघाली आणि तिथंच हनुवटीखाली पडली. पुण्याच्या कंपनीचा माणूस हेच तर सांगत होता मला, छाती फुगवून: "सर, आतला आवाज बाहेर जाणार नाही, बाहेरचा आत येणार नाही, गॅरंटी." आता ही गॅरंटी मी एकटाच वापरायलो होतो.

अंधारात खुर्चीत बसलो. दुसरं करणार काय? खुर्चीवरचं प्लास्टिक मांडीखाली चुरचुरलं, तेवढीच सोबत. आमचं थेटर दोन ट्रेलरवर बसून आलं तेव्हा अख्खा मोंढा बघायला उभा होता. प्रत्येक भिंतीवर नंबर, प्रत्येक तुळईवर नंबर, कागदावरच्या चित्रात बघायचं आणि जुळवायचं. लोक विटा रचता रचता म्हातारे होतात, आमची भिंत सकाळी आडवी होती ती संध्याकाळी उभी. येणारा जाणारा म्हणायचा, महारुद्र, पावसात वाहून तर जाणार नाही ना हे खोकं? मी हसायचो. आतून मला लय गुदगुल्या व्हायच्या. लिंबाजी टुरिंगवाल्याचा पोरगा थेटर बांधतोय, ते पण थंड हवेचं. आणि राजेश्रीनं, माझ्या बायकोनं, डोकं लढवलं होतं ते वेगळंच. संक्रांतीचं वाण म्हणून बायका एकमेकींना वाटी नाहीतर चाळणी देतात, आपण सिनेमा देऊ. पहिला खेळ फक्त बायकांचा, हळदीकुंकू लावून आत सोडायचं. घरोघर बोलावणं गेलं. आमच्या गल्लीतल्या सुलाबाईनं तर बायकांसोबत थेटर बघायला येऊन पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मागून घेतली, आणि वर म्हणाली, "दोन खुर्च्या धर माझ्यासाठी, एकीत मी मावत न्हाई." सगळ्या हसल्या. मीपण हसलो. हसताना माझं लक्ष मात्र त्या लाल दिव्याकडं होतं.

तो दिवा आत्ताही जळत होता. लाइट गेली तरी तो बॅटरीवर चालतो. उत्तरेच्या भिंतीत दुसरं दार आहे, आणि त्याच्या वर लाल अक्षरात 'बाहेर'. आपत्ती आली तर माणसांनी त्या दारानं निघायचं. नियमच आहे तसा. तपासायला साहेब आले, त्यांनी दिवा बघितला, दार बघितलं, चहा घेतला, गेले. दार ढकलून कोणी बघितलं नाही. ढकललं असतं तर ते वीतभर उघडलं असतं आणि खट्‌ करून थांबलं असतं. मी उठलो, तरीही गेलो, ढकललं. वीतभर उघडलं. खट्‌. मला माहीत होतं, तरी ढकललं, काय करता. फटीतून हात घातला तर बोटांना शेजारच्या बन्सीधरच्या गोदामाची वीट लागली, खरखरीत, थंड. हात तसाच बाहेर ठेवून मी थोडा वेळ उभा राहिलो. माझा हात तेवढा थेटराच्या बाहेर होता आणि बाहेर म्हणजे वीट. वर पन्हळीचा पत्रा टेकलेला, म्हणून उजेडसुद्धा नाही. हे दार असं आहे हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि आश्रुबाला. आश्रुबा दार बसवताना एकदाच म्हणाला होता, "मालक, हे दार न्हाई, हे दाराचं सोंग हाय." मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे काय ते त्यालाही कळलं, त्यानं पुन्हा विषय काढला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

तसं बघितलं तर कंपनीच्या नकाशात चूक नव्हती. पूर्वेला मोकळं आंगण, तिथून लोक आत येणार. पश्चिमेला पडदा. आणि दुसरं दार दक्षिणेला, सरळ रस्त्यावर निघणारं. नकाशा घरी आणून मी बाजेवर पसरला, सगळ्यांना दाखवला, आणि मायनं विचारलं, "हे बारकं काय हाय?" मी म्हणालो, दार. "कोनत्या अंगाला?" दक्षिणेला. माय उठली, नकाशाच्या कडेला गुडघे टेकून बसली आणि तिनं त्या दारावर तळहात ठेवला. "दक्षिणेला दार ठिवलास तर माझी शपत हाय तुला. मी मेल्यावर बांध मग काय बांधायचं ते." झालं. पुण्याला फोन केला. पलीकडून पोरगं हसलं. "काही प्रॉब्लेम नाही सर, मिरर मारून देतो." कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं आणि माझं थेटर उलटं झालं. दक्षिणेचं दार उत्तरेला गेलं. त्या पोरानं जागा कधी बघितलेली नव्हती, त्याच्या नकाशात उत्तरेला पांढरा कागद होता. बन्सीधरचं गोदाम मला रोज दिसत होतं, पण मला वाटलं, राहील हात दीड हात बोळ. पाया ओतला, भिंती उभ्या राहिल्या, वर पन्हळ आली, आणि बोळ वीतभर राहिला. आता भिंती उलट्या करता येत नाहीत. एका बाजूचे बोल्ट दुसऱ्या बाजूच्या भोकात बसतच नाहीत. दक्षिणेची भिंत कापायची तर मायची शपथ. न कापावी तर संक्रांतीला गावच्या बायका आणि त्यांच्या कडेवरची लेकरं ह्या डबीत बसणार, आणि निघायला वाट एक. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी स्वतःला म्हणायचो, काय होतंय? कुठं काय होतंय? रोज म्हणायचो. जे होत नाही ते रोज म्हणावं लागत नाही.

मायची भीती खोटी नव्हती, हेच तर माझं मरण. माझ्या बापाचं टुरिंग टॉकीज होतं. तंबू, यंत्र, जनरेटर, आणि बैलगाडीभर खुंट्या. येलदरीकडं, पूर्णेकडं, जिथं जत्रा असेल तिथं तो तंबू ठोकायचा. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा, अलीकडं गडीमाणसं, पलीकडं बायका. पडद्याच्या मागून चित्र दिसतं पण उलटं दिसतं. आमच्या मायनं जन्मात जेवढे सिनेमे बघितले ते सगळे मागून बघितले. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची अशी समजूत की सिनेमातली माणसं डाव्या हातानं जेवतात. "त्यांच्यात तशीच रीत आसंल," म्हणायची, आणि नटानं पोळीचा तुकडा मोडला की तोंड वाकडं करायची. टीव्ही आल्यावर उजवा हात दिसला तेव्हा म्हणाली, "सुधारले म्हणायचे." त्या शेवटच्या जत्रेत वाऱ्यामुळं बापानं तंबूचं तोंड दक्षिणेला केलं. मी मायच्या मांडीवर होतो, पडद्याच्या मागं. आधी वास आला डिझेलचा, मग पडद्यावरच्या माणसाचं तोंड तपकिरी झालं आणि त्यातून जाळ निघाला. पुढं आठवतं ते एवढंच, की कनात जमिनीपासून हातभर वर उचलली गेली, आणि तिच्याखालून बापाचा हात आत आला. त्यानं मला ओढलं. गवतावरून माझं तोंड घासत गेलं, ओठात माती. मग माय. मग बाकीच्या बाया, पोरं, एकेक, कनातीखालून सरपटत. तंबूला काय, उचललं तिथं दार. सगळी माणसं निघाली. बाप यंत्र आणायला परत आत गेला, आणि तो निघाला तेव्हा निघून उपयोग नव्हता. माय म्हणते, दक्षिणेचं तोंड भोवलं. कोण तिला समजावणार?

माझ्या खिशात रुमालसुद्धा नव्हता, आणि घाम यायला लागला होता. बाहेर थंडीचे दिवस, आत हवा जाडसर, फोमचा आणि डिंकाचा वास. मी पुढच्या दाराशी गेलो, पुन्हा मागं आलो, खुर्च्यांना गुडघे आपटले. वाटलं, आश्रुबा येईलच. वाटलं, तो आज आलाच नाही तर? भीती अशी थोडी थोडी यायली होती, पाहुणा चप्पल काढून हळूच ओसरीवर बसतो तशी. आणि तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर मला काहीतरी हलताना दिसलं. त्या भिंतीला अजून काळं कापड लावायचं होतं, पांढरा पत्रा तसाच उघडा होता. त्या पांढऱ्यावर, लाल दिव्याच्या बाजूला, रस्ता होता. आमचाच रस्ता. पण वर. आभाळ खाली, फरशीशी, आणि रस्ता छताशी, आणि त्या रस्त्याला लटकून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, चाकं वर, ऊस खाली. डोळे चोळले. ट्रॅक्टर साखर कारखान्याकडं जायचा तो उलट्या बाजूला गेला. मागून दुसरा आला. मग वळून बघितलं. दक्षिणेच्या भिंतीत, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, एसीच्या नळीसाठी पाडलेलं मुठीएवढं भोक होतं. धूळ नको म्हणून आश्रुबानं त्यात चिंधी कोंबलेली, आणि चिंधीत बोट जाईल एवढी फट राहिलेली. त्या फटीतून बाहेरचं सगळं आत यायलं होतं, उलटं होऊन. माझ्या थेटरात पहिला खेळ सुरू झाला होता, आणि यंत्र नाही, लाइट नाही, तिकीट नाही. मला हसू आलं, आणि हसताना रडूही, ते दोन्ही कसं एकदम येतं कोण जाणे. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून बघत राहिलो. एक कुत्रं आभाळावर पाय ठेवायचा विचारही न करता छतावरून गेलं.

मग माय आली. मी तिला चालीवरून ओळखलं, उलटी असली तरी. डोक्यावरून पदर, हातात तांब्या आणि ताटली. ती रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडं यायली होती, म्हणजे भिंतीवर मोठी मोठी व्हायली होती, पाय छताला आणि डोकं माझ्या डोक्याशी. मला आठवलं. आज ती दिशा बांधणार होती. दक्षिणेच्या भिंतीला हळदकुंकू लावून, नारळ फोडून, त्या अंगानं काही आत येऊ नये म्हणून. मी पळत गेलो, खुर्चीला अडखळलो, आणि भोकातली चिंधी उपटली. "माय!"

बाहेर तांब्या पडल्याचा आणि नारळ फुटल्याचा आवाज झाला. "आगं बया! कोन हाय?"

"मी हाय, मी. महारुद्र. पुढचं दार बाहेरून उघड. मी आत अडकलोय."

भोकासमोर तिचा डोळा आला, मग तोंड. "भ्यालं की रं काळीज माझं! आडकलास म्हंजी? दुसऱ्या दारानं नीघ की. लाल दिव्याच्या. तूच दाखिवलास मला."

चार इंच फोम आणि दोन पत्रे, एवढ्याच्या अलीकडं पलीकडं आम्ही दोघं उभे.

"ते उघडत न्हाई," मी म्हणालो.

"का?"

"त्याच्या म्होरं बन्सीधरचं गोदाम हाय. वीतभर उघडतंय, मग भित्ताड."

"मंग बाया कुठून निघतील?"

"पुढच्या दारानं."

"आन पुढं जाळ लागला तर?"

हे तिनं इतक्या साध्या आवाजात विचारलं, मीठ आहे का घरात असं विचारावं तसं. मी म्हणालो, "माय, तू आधी दार उघड, मला घाम फुटलाय." तिचं तोंड भोकासमोरून गेलं. मी पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. म्हातारं माणूस, पावलं लहान, वळसा घालून यायला वेळ लागणारच. वाट बघितली. दार उघडेना. थापा मारल्या. उघडेना. हिला चक्कर तर आली नाही? ही घरी तर गेली नाही रागानं? बेचाळीस पिढ्यांचा उद्धार करावा असं वाटलं, तिचा, कंपनीचा, बन्सीधरचा, आणि खरं सांगायचं तर माझा. पळत परत आलो, चिंधी पुन्हा भोकात कोंबली, फट ठेवली, आणि भिंतीवर बघितलं. रस्ता आला. त्याच्यावरून माय उलटी चालत यायली होती आणि तिच्या मागं आश्रुबा, खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात कापायची मशीन. झोपेतून उठवलेला, डोळे चोळत. मी चिंधी काढली.

"माय, दार! पुढचं दार उघड म्हणालो मी!"

"उघडते की. आदी हे."

"काय हे?"

"आश्रुबा हितून कापनार हाय. पर तू मालक हायस, तुज्या त्वांडून पायजे म्हनतोय तो. हो म्हन."

"मालक, जनरेटर लावू का?" आश्रुबा मागून म्हणाला. "पर आदीच सांगतो, कंपनीवाले बोंबलतील. भित्त कापली की गॅरंटी गेली."

मी कपाळ पत्र्याला टेकवलं. "माय, तूच शपथ घातलीस ना? दक्षिणेला दार नको म्हणून? तुझ्या शपथेपायी तर हे सगळं उलटं झालं!"

मला भोकातून तिच्या लुगड्याचा पदर आणि ताटलीतलं कुंकू तेवढं दिसत होतं. मग ती म्हणाली, "शपत माझी हाय, मीच मोडते. तू मला आदी सांगायचं व्हतंस."

"कसं सांगणार? बाबा त्या तोंडानं गेले म्हणतीस जन्मभर."

"म्हनते की. दक्षिनंकून यम येतो. यिऊ दे. त्याला यायचं त्यो पत्र्यातून बी येतो. दार आसलं तर त्यो यायच्या आदी मानसं तरी निघत्याल." आणि मग आवाज बारीक करून, "तुज्या बानं कनात उचलली तवा दिशा बघितली व्हती का रं?"

मी कपाळ पत्र्यावरून उचललं. मी म्हणालो, "काप, आश्रुबा."

जनरेटर सुरू झाला. पात्याचा आवाज आत आला, गॅरंटी असूनसुद्धा, आणि भिंतीतून ठिणग्यांची एक रेघ खाली खाली सरकत आली. मी मागं खुर्च्यांत जाऊन उभा राहिलो. फोम जळल्याचा वास सुटला आणि पायाखाली गवत आहे असं वाटायला लागलं. पुढच्या दाराकडं कोणी जायचं नाव काढीना, आणि मीही पुन्हा सांगितलं नाही. उजेडाची एक उभी रेघ पडली, मग वरची आडवी, मग दुसरी उभी. उत्तरेच्या भिंतीवरचा रस्ता, ऊस, आभाळ हळूहळू पुसून गेलं. आश्रुबानं लाथ घातली. पत्रा आत कोसळला आणि ऊन फरशीवरून थेट माझ्या पायापर्यंत आलं.

दार लहान होतं. मायनंच कुंकवानं पत्र्यावर खुणा करून दिल्या होत्या, वरची रेघ तिचा हात पुरला तेवढी. मालकाला वाकल्याशिवाय निघता येणार नव्हतं. तिनं हात आत घातला, कुंकवानं भरलेला. मी एवढा पोट सुटलेला माणूस, मी तो हात धरला. पत्र्याच्या काठानं सदरा टर्रकन फाटला, गुडघा घासला, आणि मी बाहेर उन्हात आलो. एका ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी करून बघितलं आणि तो गाणी वाजवत पुढं गेला. माय माझ्या तोंडाकडं बघत होती. पदरानं तिनं माझ्या कपाळाचा घाम पुसला, फुटका नारळ पायानं बाजूला सारला, आणि मग डोळे बारीक करून त्या नव्या दाराकडं नीट बघितलं.

"आश्रुबा," ती म्हणाली, "अजून हातभर रुंद कर बाबा. ह्यातून सुलाबाई निघायची न्हाई."